चिखल सोडणारा बूट

आमच्या वावरात चांगला पाऊस झाला की नाना दोन दिवस आत पाऊल टाकत नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बांधावर येतात, चपला काढून बाभळीच्या बुंध्याशी ठेवतात आणि अनवाणी चार पावलं आत जातात. मूठभर माती उचलून तिचा गोळा वळतात आणि कमरेच्या उंचीवरून सोडून देतात. गोळा फुटला तर वाफसा आला, म्हणजे माती पाय ठेवण्याजोगी झाली. नुसताच चपटा होऊन बसला तर अजून एक दिवस दम धरायचा. लहानपणापासून मी हे बघत आलेय.

यंदा जुलैत मात्र मी मुद्दाम वाफशाच्या आधी गेले. पावसाला एकच दिवस झाला होता. पायात कोरे करकरीत बूट, किंमत सांगितली असती तर नाना रागावले असते. बांधावरून कपाशीच्या दोन ओळींमध्ये उतरले आणि पळायला लागले. दहा पावलं बरी गेली. पंधराव्या पावलाला बूट जड झाला. तिसाव्या पावलाला दोन्ही पायांना ताटाएवढी चकती लागली होती, कडेने मातीचे पदर लोंबत होते, आणि मी पळत नव्हते, पाय उपसत होते. मग डावा बूट जागीच राहिला आणि नुसता मोजा घातलेला पाय पुढे चिखलात पडला.

बांधावरून नाना आमच्या अहिराणीत म्हणाले, "काय व माय, इतला महागना बूट गारामा घालस?"

गारा म्हणजे चिखल. त्यासाठीच तर हे बूट घेतलेत, हे त्यांना कसं समजवायचं?

*

अडथळ्यांच्या शर्यतीत मी पहिल्यांदा उतरले ती गेल्या हिवाळ्यात, पुण्याजवळ. पाच किलोमीटर अंतर, पंधरा अडथळे: भिंती, दोर, चिखलाचे खड्डे, काटेरी तारेखालून सरपटणं, वाळूच्या पिशव्या खांद्यावर घेऊन चढण, हाताने लटकत पार करायचे बार. या खेळाचा उगम बहुतेक जण १९८७ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या 'टफ गाय' शर्यतीत शोधतात. २०१० मध्ये अमेरिकेत 'स्पार्टन रेस' आणि 'टफ मडर' सुरू झाल्या आणि तिथून हे वेड जगभर पसरलं. आता तर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत येते आहे. मी धुळ्याला शाळेत भूगोल शिकवते, वय एक्केचाळीस. ऑलिम्पिकशी माझा संबंध टीव्हीपुरताच. पण लहानपणी दोरीचा मल्लखांब केला होता, आणि दोर बघितला की हात अजून शिवशिवतात.

त्या दिवशी पायात रस्त्यावर पळायचे बूट होते. मऊ, जाड तळाचे, दोन वर्षं वापरलेले, धुळ्याच्या देवपुरात सकाळी पळायला अगदी उत्तम. पहिल्याच चिखलाच्या खड्ड्यातून बाहेर पडायला मला तिघांनी हात दिला, कारण उतारावर पाय टेकला की तो परत खाली यायचा. पाण्याच्या हौदातून निघाल्यावर बुटाचा जाड फोम एवढं पाणी प्यायला की पुढचा अर्धा किलोमीटर प्रत्येक पावलाला पचक-पचक आवाज येत होता. तिरप्या गुळगुळीत भिंतीवर दोनदा घसरून हनुवटी आपटली.

पण खरं दुःख झालं ते दोराचं. मल्लखांबाच्या दोरीवर आपण अनवाणी असतो. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मध्ये दोरी धरायची, हे सात वर्षांच्या मुलीलाही जमतं. एकदा ती पकड बसली की हातांवरचा भार निम्मा होतो. इथे पायात बूट, अंगठा आत कोंडलेला, आणि दोर मनगटाएवढा जाड, वर आधीच्या शंभर जणांचा चिखल. बुटाने दोर धरायची रीत वेगळी असते: दोर एका पायाच्या बाहेरून घेऊन तळव्याखालून न्यायचा, दुसऱ्या पायाच्या पंज्यावर चढवायचा आणि दोन्ही बुटांमध्ये आवळून त्यावर उभं राहायचं. मला ती रीत ऐकून माहीत होती. माझ्या बुटाला माहीत नव्हती. तळाच्या मधला भाग, जिथे दोर बसायला हवा, तिथे गुळगुळीत चकचकीत फोम होता. मी तीनदा हातभर चढले आणि तीनदा खाली आले. खाली उभी राहून वर टांगलेल्या घंटेकडे बघत होते. जी गोष्ट मला सातव्या वर्षी येत होती ती एक्केचाळिसाव्या वर्षी बुटामुळे गेली, हे मनाला फार लागलं.

घरी आल्यावर ठरवलं, पुढच्या हिवाळ्याच्या आत बूट शोधायचा. पण शर्यत हिवाळ्यात असली तरी चिखल पावसाळ्यातच मिळतो. म्हणजे परीक्षा पावसाळ्यात, आमच्या मातीत घ्यायची.

*

बूट घेणं हीच एक मोहीम झाली. धुळ्यात मला हवा तसा बूट मिळाला नाही. डोंगरवाटांवर पळायचे बूट एक-दोन दुकानांत होते, ते पुरुषांच्या मापाचे. माझं माप चार. "ताई, लेडीजमध्ये हे बघा ना," म्हणून पुढे यायचे ते गुलाबी, गुळगुळीत तळाचे, जिममध्ये घालायचे. मला रंगाचं काही नाही, पण तळाला हात लावला की समजायचं की हा बूट कधी मातीत उतरायचा नाही. शेवटी सुट्टी काढून नाशिकला गेले.

जाताना मुद्दाम संध्याकाळची वेळ धरली. दिवसभर उभं राहून पाय फुगतो, पळतानाही फुगतो, म्हणून सकाळच्या पायाला बरोबर बसलेला बूट शर्यतीत चावतो. घालायचे तेच मोजे सोबत नेले. अंगठ्यापुढे एका अंगठ्याच्या रुंदीची जागा, टाच मात्र आवळलेली. पुढे जागा नसेल तर उतारावर नखं काळी पडतात, मागे जागा असेल तर चिखल बूट ओढून घेतो. मोज्यांबद्दल एक सांगते. आमचा भाग कापसाचा, घरात कापूस पिकतो, पण पायात सुती मोजा नको. सूत पाणी धरून ठेवतं, ओली कातडी घासून फोड येतात. त्यापेक्षा पातळ कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा मोजा बरा.

दुकानातल्या मुलाने मला वॉटरप्रूफ बूट दाखवला. आत गोअर-टेक्सचं अस्तर, पाणी आत येणारच नाही म्हणे. मी विचारलं, वरून आलं तर? कारण मी कमरेएवढ्या पाण्यात उतरणार होते. पाणी घोट्यावरून आत आलं की हेच अस्तर त्याला बाहेर जाऊ देत नाही. पायात दोन तांबे घेऊन पळायचं. रिमझिम पावसात चालायला तो बूट चांगलाच आहे, पण या खेळात भिजायचं हे ठरलेलंच असतं. बूट किती लवकर रिकामा होतो एवढंच बघायचं.

या खेळातले मुरलेले लोक ज्या बुटांची नावं घेतात ते आपल्याकडे सहज मिळत नाहीत. 'इनोव्ह-एट' ही इंग्लंडची कंपनी २००३ पासून दऱ्याडोंगरांत पळायचे बूट बनवते. तिचा 'एक्स-टॅलन २१२' गाजला, त्याच्या नावातला आकडा म्हणजे बुटाचं ग्रॅममधलं वजन. फिनलंडची 'व्हीजे' कंपनी तळाला ब्युटाइल रबर लावते, ओल्या दगडावर ते चांगलं चिकटतं. हे सगळं वाचून मी एवढंच ठरवलं की मला हलका, पाणी न धरणारा आणि तळाला दात असलेला बूट हवा. नाशिकला तसा एक मिळाला. तळाला बारीक बारीक खूप दात, जवळ जवळ, बोट फिरवलं की किसणीसारखे लागायचे. वाटलं, याच्यापेक्षा घट्ट काय धरणार?

तोच बूट आमच्या वावरात अडकून बसला.

*

घरी ओट्यावर बसून मी काडीने तळ कोरत होते. प्रत्येक दोन दातांच्या मधे माती अशी ठासून भरली होती की दात दिसतच नव्हते, तळ सपाट झाला होता. वर्गात मी दरवर्षी शिकवते: काळी माती बेसाल्ट झिजून तयार झालेली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची अतिशय बारीक कणांची चिकणमाती, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फळ्यावर भेगांचं चित्रही काढते. पण हीच माती बुटाच्या दातांत जाऊन काय करेल याचा विचार दुकानात उभी असताना डोक्यात आला नाही.

नाना शेजारी येऊन बसले. त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, आणि अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं.

"टायर देख. दात दूर दूर शेतस. गारा भराई, पन फिरताना निंघी जास."

मी उठून टायरजवळ गेले. आयुष्यभर बघितलेला टायर. मागच्या मोठ्या चाकाचे तिरपे, उंच दात, दोन दातांमध्ये माझा अख्खा तळहात मावेल एवढी जागा. आणि त्या जागेत माती नव्हतीच. चिखलातून आलेल्या त्या चाकावर कडेला दोन-चार ढेकळं होती, बाकी चाकाने फिरता फिरता स्वतःला साफ केलं होतं.

इतके दिवस मी धरणारा बूट शोधत होते. पण चिखलात धरणं हे निम्मंच काम. पाय उचलला की माती सोडून देणारा बूटच पुढच्या पावलाला पुन्हा धरू शकतो. माझा किसणीसारखा बूट पहिल्या दहा पावलांत जे धरायचं ते धरून बसला आणि मग त्याला काहीच धरता आलं नाही.

दुसरा बूट मी ऑनलाइन मागवला. पहिला परत करता येत नव्हता, मातीत गेला होता. घरखर्चात ते पैसे मला जाणवले, अजून जाणवतात. म्हणून दुसरा निवडताना पंधरा दिवस घातले. या वेळी तळाचा फोटो मोठा करून दात मोजले. कमी दात, सहा मिलिमीटर खोल, मधे मोकळी जागा, टोकाला निमुळते. मधल्या भागात, जिथे दोर बसतो, तिथेही रबराच्या आडव्या रेघा. वरची जाळी पातळ पण घट्ट विणीची, बोटांवर रबराची टोपी, कारण तारेखालून सरपटताना बुटाचं टोकच जमिनीवर घासतं. नाडी साधी. ओढून आवळायची दोरी आणि कळ असलेले बूट दिसायला छान, पण कळीत चिखल वाळला की ती हलत नाही. साधी नाडी, सगळ्यात वरच्या जादा भोकातून फासा काढून टाच बांधायची, दुहेरी गाठ मारायची आणि टोकं आत खोचायची.

*

ऑगस्टभर दर रविवारी परीक्षा.

पहिली पाण्याची. आमचं वावर पांझरा नदीच्या फडात आहे. नदीला बंधारा घालून पाटाने पाणी वळवायचं, आणि पाटकऱ्याने पाळीपाळीने ते सगळ्या शेतांना द्यायचं, ही फड पद्धत खान्देशात कित्येक पिढ्यांची. त्या पाटात मी बूट घालून उभी राहिले. घरून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा नेला होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. कोरडा बूट २४६ ग्रॅम. पाटातून काढल्यावर ३७८. मग बांधावरून दहा मिनिटं पळले, परत वजन केलं: ३०१. शाळेतल्या एका सहकारी बाईंचा वॉटरप्रूफ ट्रेकिंगचा बूट मागून आणला होता. तो कोरडाच ३४० होता, पाण्यातून निघाल्यावर ५२०, आणि दहा मिनिटं पळूनही ४९० च्या खाली येईना. एका पायामागे जवळपास दोनशे ग्रॅमचा फरक. पळताना तो कळत नाही असं वाटतं, पण हाताने बारला लटकलं की पायातला ग्रॅम ग्रॅम बोटांना मोजावा लागतो. आतला सुटा तळवाही काढून पाहिला. त्यातच तीसेक ग्रॅम पाणी होतं. स्पंजासारखा तळवा असेल तर तो बदलावा, पातळ टाकावा.

दुसरी परीक्षा दगडाची. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने लळिंगचा किल्ला जवळच. पावसाळ्यात किल्ल्याची वाट काळ्या पाषाणावरून जाते आणि त्यावर पाण्याचा पातळ पदर असतो. इथे मला धक्का बसला. वावरात हरलेला किसणीसारखा बूट इथे जास्त बरा होता. कारण सोपं आहे: गुळगुळीत दगडाला खोल दात आत रुतवता येत नाहीत, तिथे दगडाला टेकणारं रबर किती आणि ते किती मऊ, यावर सगळं. कमी दातांचा बूट कमी जागेवर टेकतो. उतरताना एकदा माझा पाय सरकला, हात टेकून सावरले. शेवाळावर तर कुठलंच रबर चालत नाही, तिथे बसून उतरावं, त्यात कमीपणा नाही. मऊ रबर चिकटतं खरं, पण डांबरी रस्त्यावर लवकर झिजतं, म्हणून मी हे बूट पिशवीतून नेते आणि मातीत पोचल्यावरच घालते. सगळ्या जमिनींना पुरा पडेल असा बूट नसतो. माझ्या शर्यतीत दगड थोडा आणि चिखल पुष्कळ. मी चिखलाची बाजू घेतली.

तिसरी परीक्षा दोराची, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची होती.

खळ्याजवळ मोठं निंबाचं झाड आहे. पुतणीने वर चढून जाड दोर बांधला. ती पोलीस भरतीची तयारी करते, तिचं आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. पहाटे पाचला गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणाऱ्या दहा-बारा पोरापोरींमध्ये ती एक. खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे गेलात तर ही मुलं दिसतील. कुणाच्या पायात मोठ्या भावाचे बूट, कुणाच्या पायात शाळेचे कॅनव्हासचे, एखादा अनवाणी. बुटाचं महत्त्व माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, कारण त्यांच्यासाठी दोन सेकंदांवर नोकरी असते. माझा छंद आणि त्यांची गरज एकाच रस्त्यावर पळतात, आणि मी नव्या बुटांचा खोका उघडला तेव्हा पुतणीची नजर त्यावर ज्या तऱ्हेने फिरली ती माझ्या मनातून गेली नाही.

दोर ओला केला, पाटातला गारा त्याला फासला. मी धरलं, पाय वर ओढले, दोर बाहेरून घेतला, तळव्याखालून, पंज्यावर, आवळला. बुटाच्या मधल्या रेघांत दोर बसला. मी उभी राहिले. हात मोकळे झाल्यासारखे वाटले, वर सरकवले, पुन्हा पाय. चौथ्या आवळणीला निंबाच्या फांदीला हात लागला. खाली पुतणी ओरडत होती. मला मात्र सातव्या वर्षीची दोरी आठवली, अंगठ्यातली. ती पकड परत आली नव्हती, ही वेगळी होती, बुटाची. पण वर पोचले होते. उतरताना घाई केली आणि दोर घासून बुटाच्या आतल्या बाजूची जाळी खरवडली गेली. तिथे कापड कुठल्याही बुटात आधी जातं. साक्रीला बसस्थानकाजवळ बूट शिवणारे एक आबा बसतात. त्यांना दाखवलं. त्यांनी जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून आतून-बाहेरून दोन टाक्यांच्या ओळी मारल्या, पाणी जायच्या जाळीला हात न लावता. तीस रुपये घेतले. त्या रविवारनंतर दोर वीसेक वेळा चढले, शिवण तशीच आहे.

चौथी परीक्षा पुन्हा वावराची. पावसाला एक दिवस झालेला, तीच कपाशी, आता गुडघ्याच्या वर आलेली, म्हणून कडेच्या पडीक पट्ट्यातून पळले. माती चिकटली. काळी माती चिकटणारच, कुठलाही बूट तिला नको म्हणू शकत नाही. पण वीस-पंचवीस पावलांनी एकेक ढेकूळ आपोआप मागे उडायचं. टायरसारखं. मागे वळून बघितलं तर माझ्या पाऊलखुणांमध्ये बुटाचे दात ओळखू येत होते. पहिल्या दिवशी नुसते गोल खड्डे होते. बूट एकदाही निघाला नाही.

रस्त्यावरचे जुने बूट मी पुतणीला दिले. आमचं माप एकच. चिखलात ते मला नडले होते, पण सपाट मैदानावर आठशे मीटरला तेच योग्य, आणि ती त्यांत माझ्यापेक्षा फार सुंदर पळते. किसणीचे बूटही देऊ केले. म्हणाली, "ते राहू द्या आत्या, लळिंगला जाताना लागतील तुम्हाला."

*

सप्टेंबरच्या एका संध्याकाळी बूट धुऊन ओट्यावर ठेवले होते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सावलीत वाळवायचे, उन्हात ठेवले की डिंक सुटतो. कागद आणायला आत गेले. परत आले तर नाना उकिडवे बसलेले, एका हातात माझा बूट, दुसऱ्या हातात तांब्या. बूट काठोकाठ भरला आणि उंच धरून ते खालून बघत होते. जाळीतून, कडेच्या बारीक भोकांतून पाणी धारांनी बाहेर येत होतं. ते मनाशी काही मोजत होते, ओठ हलत होते. धारा बारीक झाल्या, मग थेंब राहिले.

त्यांनी बूट झटकला, परत एकदा भरला, परत बघितलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आपला पाटले बी आशीच मोरी पाहिजे."